कावासाकीचं रक्त आणि वैशाली मॅडम

लॅबमध्ये दोन गोष्टी साचतात: वापरलेल्या स्लाइड आणि किस्से. धुवून टाकाव्यात म्हटलं तर एखादी हातातच राहते. चंद्रपुरात मुलांच्या एका दवाखान्यात मी अठ्ठावीस वर्षं रक्त तपासलं. शिकले कुठे? नळ्या धुता धुता, डॉक्टरसाहेबांच्या खांद्यावरून पाहून. मग आली वैशाली. डिप्लोमावाली! मी तिच्यावर जळत होते, हे आधीच सांगते. उगाच शोधत बसू नका.

*

पहिल्याच दिवशी तिच्यासाठी चाकांची खुर्ची आली. मी स्टुलावर. साहेब मला 'शांताबाई' म्हणत आणि तिला 'मॅडम'! माझ्या लेकीच्या वयाची पोरगी!

"बाई, तुम्ही बसा ना खुर्चीवर," ती म्हणाली.

"मले चाकं लागत नाई. माह्ये पाय आहेत!"

*

कावासाकीची पहिली केस आली, तेव्हा साहेबांनी आम्हा दोघींना समजावलं. म्हणजे बोलले तिच्याकडे बघून, ऐकलं मी. लहान मुलांचा आजार. पाच दिवसांच्या वर ताप, लाल डोळे, स्ट्रॉबेरीसारखी जीभ. दहा दिवसांच्या आत इंजेक्शन गेलं नाही, तर हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात.

"साहेब, स्ट्रॉबेरी आम्ही आइस्क्रीमच्या डब्यावरच पाह्यली," मी म्हटलं. "लाल तुतीसारखी म्हणा."

साहेब हसले. पण शाबासकी कोणाला? वहीत लिहून घेतलं म्हणून मॅडमला!

*

काही पोरांना पहिलं इंजेक्शन लागूच पडत नाही. ते आधीच रक्तावरून ओळखता येईल का, हा साहेबांचा ध्यास. न्यूट्रोफिल, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, फार वाढल्या, सोडियम उतरलं, सूज दाखवणारा सीआरपीचा आकडा चढला, की सावध व्हायचं. मग काय, दिवसभर दोघांचं सोडियम-सोडियम!

एकदा तिच्या मशीननं न्यूट्रोफिल ब्याऐंशी टक्के सांगितले. ती जेवायला गेल्यावर मी हातानं दोनशे पेशी मोजल्या. ब्याऐंशी! परत मोजल्या. ब्याऐंशी!

मेलं मशीन!

*

ईएसआर मात्र माझा. रक्त नळीत तासभर उभं ठेवायचं आणि तांबडं किती खाली बसलं ते पाहायचं. सूज जास्त, तर आकडा जास्त. इंजेक्शननंतर एका पोराचा आकडा एकशे दहा आला. मी धावतच गेले. "साहेब, औषध लागलं नाई!"

वैशाली मागून हळूच म्हणाली, "बाई, त्या इंजेक्शननंच ईएसआर चढतो. सीआरपी पाहा, उतरलाय."

हळू बोलली, तेच जास्त लागलं. भांडली असती तर मी जिंकले असते!

*

आता आलापल्लीची तीन वर्षांची मुलगी. ती बरी झाली, हे आत्ताच सांगते, नाहीतर तुम्ही मधेच विचाराल. तापाचा आठवा दिवस. लक्षणं अर्धवट. सीआरपीचं किट संपलेलं, नागपूरहून यायला दोन दिवस. सगळी भिस्त ईएसआरवर. माझ्या त्या चुकीनंतर तो वैशालीकडे गेला होता; तिनं दहा वाजता वाचला: सहा!

"इतका कमी? मग दोन दिवस वाट पाहू," साहेब म्हणाले.

मी तिची स्लाइड साडेनऊलाच पाहिली होती. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या. सिकलसेल! तसलं रक्त नळीत खाली बसतच नाही, सूज कितीही असो. मशीन पेशी मोजतं, त्यांचं तोंड पाहत नाही. आणि 'सहा'च्या रिपोर्टवर मॅडमची सही!

मी चहा घेतला. सावकाश.

अकरा वाजून गेल्यावर मुलीची आई दारात आली. पोरगी खांद्यावर, पोरीचे पाय सुजलेले. "बाई, साहेब वाट पाहा म्हणते. तेवढ्यात गावाले जाऊन येऊ का? बाराची बस आहे."

"थांब! कुठी जाऊ नको!"

उठले आणि स्लाइड वैशालीसमोर ठेवली. मायक्रोस्कोपमध्ये पाहताच तिचा चेहरा उतरला. तीच पळत जाऊन साहेबांना घेऊन आली.

साहेबांनी पाहिलं. "म्हणजे या ईएसआरला अर्थच नाही! आता किटची वाट पाहायची नाही, इंजेक्शन आजच द्यायचं." मग माझ्याकडे वळले. "शांताबाई, हे केव्हा दिसलं तुम्हाला?"

मी चहाच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं.

"आत्ताच, साहेब," वैशाली म्हणाली. "माझ्यासमोर."

स्लाइडच्या कडेला मी पेन्सिलीनं वेळ लिहीत असते. स्लाइड तिच्या हातात होती आणि तिचा अंगठा बरोबर त्या आकड्यांवर होता.