शाई न धरणारा कागद

शनिवार, २१ जुलै १९७९. पऱ्हे खोदणं चालू होतं. म्हणजे धानाची रोपं मुळासकट उपटायची, पायावर आपटून चिखल झाडायचा, मूठभराची जुडी बांधून मागे टाकायची. मंगळवारी ही रोपं लावायची आमची रोवणी होती आणि तोवर सगळ्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, पुरतील इतक्या जुड्या हव्या होत्या.

दुपारी पोस्टमन सायकल रस्त्यावर ठेवून धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत आला. घराला कुलूप दिसलं म्हणून जाड पाकीट थेट शेतात आणलं होतं. वर पत्ता माझ्याच अक्षरात. परतीसाठी तिकिटं लावून मीच ते सोबत पाठवलं होतं. म्हणजे चित्रं परत आली.

शेजारच्या घरच्या काकू माझ्या बाजूलाच वाकल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "फोटो वापस केला काय वं नागपूरवाल्यानं?"

सगळ्या बायका हसल्या. आमच्याकडे लग्नाच्या वयाच्या मुलीच्या नावानं जाड पाकीट परत आलं, तर त्यात नापसंत झालेला फोटोच असायचा.

"फोटो नाही, काकू. चित्रं हायत."

"चित्र पाहूनच नाही म्हणलं काय त्यानं? पोरगी तरी पाहाची होती!"

मी पाकीट कोरड्या जागी ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत पऱ्हे खोदले.

तेव्हा मी लाखनीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मला मासिकांसाठी चित्रं काढायची होती. नोकरी नको, घरी बसून, पोस्टानं. असं काम करणारं माणूस मी पाहिलेलं नव्हतं. तयारी म्हणून चार वर्षं मडकी, भोपळे आणि घड्या पडलेली चादर काढून छटांचा सराव केला. ड्रॉइंगच्या मास्तरांना माझ्या छटांचं फार कौतुक होतं. मग मासिकांच्या पत्त्यांवर नमुने पाठवत राहिले. एकाच ठिकाणाहून उत्तर आलं. नागपूरच्या एका लहान मासिकानं दिवाळी अंकातल्या एका कथेसाठी तीन चित्रं मागवली. बाबांचं म्हणणं सरळ होतं, "अंकात दिसू दे, मंग बोलू. नाही तं पुढल्या वर्षी डी.एड.चा फॉर्म."

पाकिटात संपादकांची चिठ्ठी होती. चित्रं बरी आहेत, पण ब्लॉक लाइनचा होतो, छटा काढून टाका, सोमवार ३० तारखेपर्यंत आली तर घेऊ. मी ती चारदा वाचली. छटा काढल्या तर माझ्या चित्रात उरणार काय? आणि लाइनचा ब्लॉक म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी कॉलेजचा पहिला तास बुडवून बस स्टँडजवळच्या छापखान्यात गेले. तिथे लग्नपत्रिका आणि जाहिराती छापत. मालक म्हातारे होते, बंडीवर शाईचे डाग. त्यांनी खणातून गणपतीचा ब्लॉक काढून माझ्या हातात दिला. लाकडावर ठोकलेला जस्ताचा तुकडा, आणि गणपती उलटा.

"या मशीनले दोनच गोष्टी समजते," ते म्हणाले. "शाई हाय, नाही तं नाही. अर्धीमुर्धी शाई कुठून आणू?"

"मंग सावली कशी दाखवाची?"

"रेघा मार. हलकी सावली असन तं दूर दूर, गडद असन तं जवळ जवळ. पण लई जवळ नको, बुजून जाते. आन दीडपट मोठं काढ. ब्लॉकवाला लहान करते."

पाच मिनिटांत सांगून झालं. मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात संताप आला. मास्तरांनी आयुष्यात ब्लॉक पाहिला नव्हता, हे ठीक. पण मी वर्षभर रोज दोनदा याच छापखान्यासमोरून जात होते आणि एकदाही आत जाऊन विचारलं नव्हतं. चार वर्षांची तयारी होती, पण ती ड्रॉइंगच्या परीक्षेची. छापण्याची नव्हे.

मंगळवारी आमची रोवणी झाली. आमच्या गावात मजुरी एकमेकांत फिरायची. तुमच्या घरून आमच्याकडे जितक्या बाया आल्या, तितक्या आम्ही तुमच्याकडे पाठवायच्या. काकूंकडून दोघी आल्या होत्या. त्यांची रोवणी गुरुवारी, म्हणजे आई आणि मी. बुधवार तेवढा मोकळा होता.

मंगळवारी संध्याकाळी चिखलानं बोटं फुटली होती. आईनं नेहमीसारखं टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल गरम करून माझ्या दोन्ही हातांना चोळलं. रोवणीच्या दिवसांत घरोघर हेच करत.

बुधवारी सकाळी चित्रं घेऊन बसले. माझ्याकडे तीन कोरे कार्ट्रिज कागद उरले होते. पहिल्या चित्रात रेघा बऱ्या उतरल्या. मग बाईच्या लुगड्याचा काळा भाग भरायला घेतला तर शाई जागच्या जागी आकसली. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या पानावर पाणी राहावं तसे थेंब गोळा झाले आणि मधून पांढरा कागद दिसायला लागला. पुन्हा भरलं, तेच. शाई जुनी असेल म्हणून बाटली हलवली आणि दुसरा कागद घेतला. तिथेही तसंच झालं. ब्लेडनं खरवडायला गेले तर भोक पडलं. बाबा दारात उभे होते. "शाई खराब असन," म्हणाले आणि निघून गेले.

आईनं खराब झालेला कागद उचलला, नाकाशी नेला. "टोरीच्या तेलाचा वास येऊन राहिला."

माझा तळहात. रात्रभर मुरलेलं तेल मी रेघ मारता मारता कागदाला पुसत होते. इतकी साधी गोष्ट, आणि त्यात दोन कागद गेले.

कोरा कागद एकच उरला, चित्रं तीन. नागपूरहून परत आलेल्या तीन चित्रांच्या पाठी तेवढ्या कोऱ्या होत्या. ती माझी तोवरची सर्वांत चांगली चित्रं होती. पाचेक मिनिटं त्यांच्याकडे पाहिलं, मग एक उलटं केलं. हात राखेनं आणि सोड्यानं तीनदा धुतले. संध्याकाळपर्यंत दोन चित्रं झाली. एक कोऱ्या कागदावर, एक पाठीवर.

तिसरं राहिलं. गुरुवारी पोस्टात पडलं तरच सोमवारपर्यंत पोहोचण्याची खात्री होती. तेवढ्यात काकू अंगणात येऊन सांगून गेल्या, "सकाळी दोघी या. वेळ नका करू."

"एकाच सकाळचं काम हाय," मी बाबांना म्हटलं.

"दिवस मोडाचा नाही. त्यायनं आपला मोडला काय?"

त्यांचं चूक नव्हतं, आणि म्हणूनच जास्त राग आला. पुढे अंक आला तेव्हा पहिली दोन चित्रं छापली होती, काडेपेटीएवढी, आणि तिसरं जागेअभावी गाळलेलं होतं. बाबांनी डी.एड.चा विषय पुन्हा काढला नाही. पण त्या बुधवारी हे कोणाला माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आधी राखेनं हात धुतले. काकू बायकांना घेऊन दारासमोर आल्या तेव्हा मीच बाहेर गेले.

"काकू, आज सकाळी मी येत नाही. याच्या बदल्यात शुक्रवार न् शनिवार, दोन दिवस देईन."

"एकाचे दोन? लईच मनात भरलेला दिसते तुहा फोटोवाला!" म्हणाल्या आणि आईला घेऊन निघाल्या.

तळहाताखाली जुनं वर्तमानपत्र घालून मी तिसरं चित्र पूर्ण केलं, शाई वाळेपर्यंत पाकिटावर पत्ता लिहिला आणि लाखनीला जाऊन पोस्टात रजिस्टर केलं. परत आले तेव्हा उन्हं डोक्यावर होती. लुगडं खोचून काकूंच्या बांधीत उतरले आणि आईशेजारच्या रिकाम्या जागेवर रोवायला लागले.

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "अर्धा दिवस मी मोजत नाही वं," त्या म्हणाल्या. "शुक्रवार, शनिवार यावंच लागन."