दोरी तिरकी झाली की

अनघावहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी द हेगच्या ट्रॅममध्ये उभा होतो. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर शरदचं एका ओळीचं वाक्य होतं, आणि पाहता पाहता त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, 'शांतपणे गेल्या.' कुणीतरी लिहिलं, 'निसर्गप्रेमी व्यक्तिमत्त्व हरपलं.' मी पुढच्या थांब्यावर उतरलो आणि बाकावर बसून राहिलो... आधी राग आला, दुःख नंतर. आता नऊ आठवडे झाले, तो राग उतरलेला नाही. म्हणून पहिल्यांदा तेवढं दुरुस्त करतो. वहिनी निसर्गप्रेमी वगैरे नव्हत्या. त्या मासे पकडायच्या. गळाला रबरी गांडूळ लावून, आठवड्यातून चार दिवस, आणि उत्तम पकडायच्या. मंडळाच्या गणपती अंकासाठी मी हेच लिहून दिलं होतं. 'देवाच्या अंकात मासेमारी बरी दिसत नाही, ते वाक्य काढा,' असा निरोप आला. मी वाक्य काढलं नाही, लेखच काढून घेतला.

शरद माझा कॉलेजपासूनचा मित्र, अनघावहिनी त्याची बायको. साताऱ्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. पंधरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आल्या आणि त्यांच्या पदवीला कुणी विचारेना. शरद ऑफिसात, लेक शाळेत, आणि वहिनी घरासमोरच्या कालव्याच्या काठाने येरझाऱ्या घालत. तिथे हेंक नावाचे शेजारी बसलेले असत. निवृत्त, एकटे, अबोल. एक दिवस त्यांनी काही न बोलता आपली दुसरी रॉड वहिनींच्या हातात दिली. वहिनींचं डचही त्यांच्याकडूनच आलं, त्यामुळे गळ, गाठ, वारा आणि दोन सणसणीत शिव्या त्यांना आधी आल्या. गेमेन्टेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, खिडकीवर बोलायचं डच फार नंतर. जन्मात मासा न खाल्लेली बाई मासे पकडते, याची आपल्या लोकांत जी चर्चा व्हायची ती मी ऐकली आहे, थोडी केलीही आहे. शाकाहारी विचारायचे, पकडता कशाला? मालवणकडचे विचारायचे, सोडता कशाला? एकदा दिवाळीच्या फराळाला कुणीतरी तोंडावरच म्हणालं, "खायचा नाही, तर त्या बिचाऱ्याला त्रास का द्यायचा?" वहिनी चकली मोडत म्हणाल्या, "तुम्ही बॅडमिंटन खेळता ते शटल खायला?" सगळे हसले. घरी परतताना मात्र त्या मला म्हणाल्या, "त्रास होतोच हो त्याला. ते काय मला कळत नाही..." गळाचा उलटा काटा त्या पकडीने दाबून सपाट करत, म्हणजे तो माशाच्या तोंडातून अलगद सुटतो. माशाला धरण्याआधी आपले हात पाण्यात बुडवत. पण मासेमारी सोडावी असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि वाटत नाही हे त्यांनी कधी लपवलंही नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. बायको कामावर निघाली की मी पडदे ओढून बसून राहायचो. एका सकाळी अकराला बेल वाजली. दारात वहिनी, हातात दोन रॉड. "भाऊजी, बूट घाला. पाऊस नाहीये. म्हणजे फारसा नाहीये." त्या दिवसापासून पाच महिने, मासेमारीच्या बंदीचे दिवस सोडले तर अकरा म्हणजे अकरा. इथल्या कालव्यांत बार्स नावाचा मासा असतो. हिरवट अंगावर काळे पट्टे, लाल पर, आणि पाठीवर काटेरी पंखा. त्याच्यासाठी त्यांची पद्धत अगदी साधी होती. बोटाएवढं मऊ रबरी गांडूळ घ्यायचं, गळ त्याच्या बरोबर मध्यातून काढायचा, वजन काही लावायचं नाही. पाण्यात टाकलं की ते आपल्या आपण खाली जातं, दोन्ही टोकं हलकी थरथरत. आपण त्या वेळात काय करायचं? काही नाही. दहा आकडे मोजायचे आणि दोरीकडे बघत राहायचं. मला तेच जमेना. मी सारखा रॉडला झटका द्यायचो, दोरी गुंडाळून बघायचो, पुन्हा टाकायचो. "भाऊजी, ते गांडूळ आहे, तुमची टीम नाही," वहिनी म्हणायच्या. "दर दोन मिनिटांनी काम कुठपर्यंत आलं, असं विचारायचं नसतं." तिसऱ्या आठवड्यात मी खरोखर स्वस्थ बसलो. इतका स्वस्थ की दोरी हळूच बाजूला सरकली, तिरकी झाली, सैल पडली आणि मी तिच्याकडे कौतुकाने बघत राहिलो. मासा आला आणि गेला. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा चिडल्या. "स्वस्थ बसणं म्हणजे झोपणं नव्हे. दोरी तिरकी झाली की रॉड उचलायची. तेव्हा विचार नाही करायचा." पहिला बार्स मी उचलला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नोकरीसाठी पहिला अर्ज केला. या दोन गोष्टींचा संबंध नाही असं कुणी म्हणालं, तर मी ऐकून घेणार नाही.

मग त्यांचं दुखणं आलं. इथले डॉक्टर आडपडदा ठेवत नाहीत. मार्चमध्येच त्यांनी वहिनींना समोर बसवून सगळं सांगितलं. मे महिन्यात दिवाणखान्यात खिडकीशी दवाखान्यातल्यासारखा पलंग आला. बार्सच्या विणीसाठी एप्रिल-मेमध्ये इथे बंदी असते, ती मेच्या शेवटच्या शनिवारी उठते. त्यानंतरच्या मंगळवारी मी भेटायला गेलो. शरदने दारातच सांगितलं होतं, "कुठे न्यायचं नाव काढू नकोस. पडली-बिडली तर..." वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, रस्त्यापलीकडे तर जायचंय. चाकांची खुर्ची आहे. दहा मिनिटं फक्त."

मी म्हणालो, "बंदी उठली नाही अजून, वहिनी."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या काठावर दोन माणसं रॉड घेऊन उभी होती. मग माझ्याकडे पाहिलं. "असं होय? म्हणजे ते दोघं कायदा मोडतायत."

"हो," मी म्हणालो.

"बरं. मग थांबू या," त्या म्हणाल्या, आणि मला चहा विचारला...

पुढच्या सोमवारी त्या गेल्या. शरद, हे तू वाचशील. तुझा यात दोष नाही. तू घाबरला होतास, तुला तो हक्क होता. मीही घाबरलो होतो, माझ्या हातात असताना त्यांना काही झालं तर, म्हणून. पण मला तो हक्क नव्हता. मला शिकवलेलं होतं. आणि 'त्यांना आराम मिळाला हे बरंच झालं' असं जे मला समजावतात, त्यांनाही सांगतो, आराम त्यांनी मागितला नव्हता. दहा मिनिटं मागितली होती.

महिन्याभराने शरदने त्यांच्या रॉडची पिशवी मला दिली. घरी येऊन उघडली, तर एक रॉड तयार होती. एरवी वहिनींची गाठ रेखीव, दोरीचं टोक नखाएवढं ठेवून कापलेलं. ही गाठ वाकडी होती. टोक लांबच राहिलेलं. आधी दोनतीनदा बांधून सोडलेली असावी, कारण तेवढ्या भागात दोरी चुरगळली होती. पण गळ गांडुळाच्या बरोबर मध्यातून गेला होता.

ती गाठ मी पुन्हा बांधलेली नाही. फ्रेम करून भिंतीवरही लावलेली नाही, तशी सूचना आली होती. रॉड माझ्या दाराशी सायकलच्या शेजारी उभी असते. शनिवार-रविवार अकराला मी ती घेऊन त्यांच्या खिडकीसमोर जातो. मंडळातले कुणी सायकलवरून जाताना दिसले तर मीच आधी हात करतो. वाकडी गाठ तुटेल, मासा जाईल, असं हेंक दोनदा म्हणाले. तुटू दे. मी गांडूळ टाकतो, दहा आकडे मोजतो, दोरीकडे बघत राहतो. आणि ती तिरकी झाली की उचलतो.