रामदासचं रक्त

प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर सुंदराबाईच देणार, हे वरळीच्या बीडीडी चाळीत सगळ्यांना पाठ होतं. शेजारच्या बकुळाच्या नवऱ्याला दम लागला की डॉक्टरला लक्षणं सुंदराबाई सांगायच्या आणि तो बिचारा खोकत नुसती मान हलवायचा. म्युनिसिपल शाळेत शिपाईण म्हणून उभा जन्म काढलेली बाई. पोरांची नाकं पुसता पुसता त्यांच्या आयांनाही चार गोष्टी सुनावायच्या. जीभ तिखट, पण मनाने वाईट नव्हती. कुणाच्या घरी मयत झालं की पहिला चहा त्यांच्याच घरून जायचा.

मिरवायला त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, नवऱ्याचं रक्त. रामदास गिरणीत साच्यावर कापड विणायचे. रक्तगट ओ निगेटिव्ह, शंभरात एखाद-दुसऱ्याचा. परळच्या हॉस्पिटलांतून माणूस शोधत यायचा आणि रामदास भरल्या ताटावरून उठून जायचे. गिरणी बंद पडली तरी ही हाक बंद पडली नाही. ते गेल्यावर चाळीच्या मंडळाने त्यांच्या नावाने रक्तदान शिबिर सुरू केलं. दर वर्षी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हार घालून झाले की सुंदराबाईंना शाल मिळायची, आणि एकदा माइक हातात आला की तो काढून घ्यायची कुणाची टाप नव्हती. "माझा अमितपण बापासारखाच निगेटिव्ह आहे," त्या म्हणायच्या. "घरचं रक्त घरात आहे."

आता अमितचं रक्त कुणी तपासलं होतं? चाळीत तरी कुणीच नाही. निगेटिव्हवाल्याला शिबिरात टेबलावर घ्यायचं नाही, अडीअडचणीला राखून ठेवायचं, ही मंडळाची पद्धत. त्यामुळे शिबिराच्या दिवशी अमित खुर्च्या लावायचा, केळी वाटायचा. खरोखरची अडचण आली की शंभर फोन करून दुसराच कुणी निगेटिव्हवाला उभा करायचा. लोक म्हणायचे, पोरगा कामाचा आहे.

या घरात दीपिका सून म्हणून आली. कल्याणची मुलगी, प्रभादेवीच्या एका ऑफिसात बिलिंगला होती. तिचा गट ए निगेटिव्ह निघाला तेव्हा सुंदराबाईंना आभाळ ठेंगणं झालं. अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. म्हणे, आमच्याच रक्ताची सून मिळाली.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दीपिकाला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात अंगावर जायला लागलं. अमित लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक, तो कामावर नागपूरला. सुंदराबाईंनी तिला टॅक्सीत घालून लालबागकडच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं. मूल राहिलं नाही. पिशवी साफ करून दीपिकाला बाहेर आणलं तेव्हा ती भुलीत होती.

डॉक्टरने विचारलं, "या निगेटिव्ह आहेत. मिस्टरांचा ग्रुप कुठला?"

दीपिकाचे ओठ हलले. पण सुंदराबाई बाजूला असताना दुसऱ्याचे ओठ हलून काय उपयोग? "निगेटिव्हच," त्या म्हणाल्या.

"नक्की ना? पॉझिटिव्ह असतील तर तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन द्यावं लागतं. रिपोर्ट आहे का?"

"रिपोर्ट कशाला लागतोय? रामदासचा मुलगा आहे तो. जाऊन बीडीडीत कुणालाही विचारा."

बाहेर पेशंटांची रांग लागली होती. डॉक्टरने मान डोलावली आणि पुढच्या पेशंटकडे वळला. त्याने तपासल्याशिवाय सोडायला नको होतं, यात शंकाच नाही. पण सुंदराबाईंनी इतक्या ठसक्यात सांगितलं, की खुद्द रामदास येऊन उभे राहिले असते तरी त्यांनीसुद्धा हो म्हटलं असतं.

अमित परत आला तेव्हा घरात त्या विषयाला बंदी होती. गेलं ते गेलं, सारखं उगाळायचं नाही, असं सुंदराबाईंचं फर्मान. डॉक्टरने काय विचारलं, कुठलं इंजेक्शन राहिलं, यातलं अक्षरही त्याच्या कानावर गेलं नाही.

पुढच्याच वर्षी दीपिकाला पुन्हा दिवस गेले. या खेपेला मोठं हॉस्पिटल हवं, म्हणून परळला नाव घातलं. पाचव्या महिन्यात दीपिकाचं आणि अमितचं रक्त तपासलं आणि डॉक्टरीणबाईंनी तिघांना आत बोलावून घेतलं. तरुण बाई होती, पण बोलणं शांत.

"दीपिकाचं रक्त निगेटिव्ह आहे आणि बाळाचं बापासारखं पॉझिटिव्ह," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी त्या बाळाचं थोडं रक्त हिच्या रक्तात गेलं. हिच्या शरीराला ते परकं वाटलं आणि ते त्याच्याशी लढायला शिकलं. तेव्हाच तीन दिवसांत इंजेक्शन दिलं असतं तर हे टळलं असतं. आता ते या बाळाचं रक्त मोडतंय. बाळाला पोटातच रक्त द्यावं लागेल. नाही दिलं तर बाळ राहणार नाही. दिलं तरी मी शब्द देऊ शकत नाही."

"काहीतरी चुकतंय बाई तुमचं," सुंदराबाई म्हणाल्या. "माझा मुलगा निगेटिव्ह आहे."

अमित खाली बघत होता. "आई, मी बी पॉझिटिव्ह आहे," तो म्हणाला. "कॉलेजच्या शिबिरात कळलं होतं मला."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर सुंदराबाईंनी त्याचा दंड धरला. "इतकी वर्षं का नाही बोललास?"

"काय बोलू? तू माइकवरून सांगत फिरायचीस. बाप निगेटिव्ह आणि पोरगा पॉझिटिव्ह, हे चाळीत कळलं असतं तर लोक तुझ्याबद्दल काय काय बोलले असते? कसलाही संशय घेतला असता, आई."

डॉक्टरीणबाई मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "असं काही नसतं हो. आई पॉझिटिव्ह असली तर मुलगा पॉझिटिव्ह होऊच शकतो. यात संशयाचं काही नाही. कुणालाही विचारलं असतंत तरी सांगितलं असतं."

आईची अब्रू वाचवायला अमितने जे पोटात ठेवलं, त्यापासून अब्रूला मुळात धोकाच नव्हता. इतका राग सुंदराबाईंना आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. पोरावर काढावा तर तो त्यांच्यासाठीच गप्प बसला होता.

दीपिका भिंतीला टेकून दोघांचं ऐकत होती. तिने विचारलं, "मागच्या वेळी मला ते इंजेक्शन का नाही दिलं?" अमितने आईकडे पाहिलं. सुंदराबाईंनी खरं ते सांगितलं. एवढं मात्र त्यांच्या नावावर मांडायला हवं, त्यांनी डॉक्टरवर ढकललं नाही.

मग रक्ताची धावाधाव. चाळीत जाऊन सुंदराबाईंनी दार न् दार ठोठावलं आणि अमितबद्दलचं सगळं आपल्या तोंडाने सांगितलं. कोण काय म्हणतंय, बघायला त्यांना फुरसत नव्हती. ओ निगेटिव्हवाले दोघे कामं टाकून आले. आईच्या पोटातून सुई घालून बाळाला रक्त दिलं. बाळ तगलं. सुंदराबाई बकुळाला म्हणाल्या, "पोर चिवट दिसतंय." काही दिवसांनी पुन्हा दिलं. तिसऱ्या वेळी मशिनवर बघितलं तर बाळाच्या अंगात पाणी भरलेलं, ठोके मंदावलेले. घाईने पोट उघडून बाहेर काढावं लागलं.

मुलगी होती. सुजलेली, पांढरीफटक, मुठीएवढ्या तोंडाची. काचेच्या पेटीत दुपारपर्यंत श्वास घेतला तिने. सुंदराबाईंना आत सोडलं तेव्हा त्यांनी बोट पुढे केलं, पण बोट धरण्याचीही ताकद तिच्यात नव्हती.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाई दीपिकाच्या खाटेशी आल्या. सुंदराबाई पदराने घाम पुसत पुढे झाल्या. "बाई, ते राहिलेलं इंजेक्शन आता देऊन टाका. पुढच्या खेपेला तरी..."

"आता त्याचा उपयोग नाही, आजी. एकदा शरीर शिकलं की ते विसरत नाही. पुढचं प्रत्येक पॉझिटिव्ह बाळ याच रस्त्याने जाणार, कदाचित याहून लवकर. उपचार करता येतात, पण धोका जाणार नाही."

प्रत्येक बाळ. गेलेल्या नातवंडांचं दुःख सुंदराबाईंनी कसंबसं पेललं होतं. पण अजून न आलेल्या सगळ्यांच्या वाटेवर आपणच काटे पेरून ठेवलेत, हे त्यांना आत्ता कळलं.

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. दीपिका उठून बसली. दूध आलं होतं, गाऊन छातीशी ओला झाला होता, आणि प्यायला कुणी नव्हतं. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"आई, त्या दिवशी मी अर्धवट शुद्धीत होते. डॉक्टर विचारत होते ते मला ऐकू येत होतं. मी म्हणणार होते, अमितला फोन लावा, त्याला विचारा. तोंडातून शब्द फुटेपर्यंत तुम्ही बोलून मोकळ्या झाला होतात."

सुंदराबाईंचं तोंड उघडलं. त्यांनी खाली वाकून सुनेच्या चपला खाटेखालून काढल्या आणि तिच्या पायांत घालायला लागल्या. दीपिकाने पाय मागे घेतले.