आइलीच्या भट्टीचं माप

घर तापवणाऱ्या तळघरातल्या भट्टीला धोक्याची लाल चिठ्ठी लागली, गॅस बंद झाला. पण आइली कांगासचं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. भट्ट्या बसवणाऱ्या कंपनीच्या त्या गुळगुळीत ब्रेंटने चिठ्ठी टांगली आणि वर यायच्या आधीच तिच्या मुलीला, कॅरनला, फीनिक्सला फोन लावला. घर आइलीचं, गारठणार आइली, आणि विचारायचं कोणाला? तर तिकडे उन्हात बिनबाह्यांच्या झग्यात बसलेल्या कॅरनला!

"आजी, घाबरू नका," ब्रेंट बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडला. "आतला पत्रा तडकलाय. विषारी धूर घरात शिरेल. मुलीशी बोललोय मी, नवी बसवून टाकू."

"मला ऐकू येतं. आणि मी तुझी आजी नाही. चालता हो!"

तो गेला आणि लगेच कॅरनचा फोन. "आई, आता नवी भट्टी नको आणि ते घरही नको. विकून टाक. इकडे ये."

शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकांचा संप जिने भर जानेवारीत फाटकावर उभं राहून जिंकला, तिला घरातून उठवायला एक चिठ्ठी पुरणार होती? "जुनीच दुरुस्त करणार मी!" म्हणत आइलीने फोन आदळला. नळ गोठू नयेत म्हणून त्यांच्यापाशी विजेचा हीटर लावला, गोधड्या उचलल्या आणि परसातल्या सौनात, त्या लाकडी वाफखोलीत, लाकडं पेटवून तिथेच मुक्काम ठोकला. बाहेर उणे तीस.

सकाळी शेजारचा रूडी प्रेबिल बॅटरी आणि आरसा घेऊन आला. खाणीच्या दुरुस्तीखात्यात जन्म गेलेला माणूस.

"तो खोटारडा आहे, एवढंच सांग."

"आधी बघू तरी दे, बाई."

"बघायचं काय त्यात? दुरुस्त कर!"

रूडी पोटावर पडून आरसा आत सारत राहिला. मग उठून बसला. "शिव्या घाल हवं तर, पण तडा आहे. बोट जाईल एवढा. ही दुरुस्त होत नाही."

"तूही त्यांचाच!"

"हो ना, तुझ्या वेलदोड्याच्या पावाचं कमिशन मिळतं मला." त्याने हात पुसले. "पत्रा तापून तापून फाटलाय. वरच्या खोल्यांच्या जाळ्या उघड्या आहेत ना?"

बंदच होत्या. त्या गल्लीत सगळेच तेच करतात. पोरं घर सोडून गेली की खोली बंद, जमिनीतली गरम हवेची जाळी बंद, वर ट्रंक. कोळशाच्या भट्टीच्या काळापासूनची काटकसर; तेव्हा गरम हवा आपोआप वर चढायची. आता पंखा हवा ढकलतो, आणि हवेला जायला वाटच नाही. मग ती उष्णता भट्टीतच कोंडते.

"माझ्याकडेही बंदच आहेत," रूडी खाली बघत म्हणाला. "जाऊन उघडतो."

तो उद्धट ब्रेंट खरं बोलला होता. याची चीड आइलीला जास्त आली. ती वर गेली, कॅरनच्या खोलीतली ट्रंक लाथेने सरकवली, जाळी खटकन उघडली. एकेक खोली करत सगळ्या उघडल्या. मग ब्रेंटलाच फोन केला. गावात दुसरं होतं कोण? जे होते त्यांना याच कंपनीने गिळलं होतं.

ब्रेंट हसतच आला. "पटलं ना शेवटी? जुनीवर ताकदीचा जो आकडा आहे तेवढीच मोठी टाकू."

आइलीने टेप त्याच्या हातात कोंबली. "मोज."

"काय मोजू?"

"खोल्या. खिडक्या. माळा. माझ्या नवऱ्याने थंडी अडवायला माळ्यावर कापूस भरला, त्यानंतर इथे कोणी काही मोजलेलं नाही. शाळाभर पोरांना जेवू घातलंय मी. जुनं पातेलं बघून नवं घेत नसतात, तोंडं मोजून घेतात!"

"आजी, याला फार वेळ—"

"मिसेस कांगास. आणि मला वेळ आहे."

जिन्याखाली परत आलेला रूडी खोकल्याच्या आडून हसत होता. फोन वाजला. कॅरन.

"आई, काय ठरवलंस?"

"नवी भट्टी. इथेच. माणूस माप घेतोय, मग बोलते. ए, ती न्हाणीची खिडकी राहिली!"