आमच्या साडूंनी परत नेलेली बाळंतीण

दुसऱ्याची साधी चाळणी घरात राहिली तरी ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात मी एकच पाहिला. आणि गावोगावचे दगडधोंडे उचलून आणून ज्यानं कॉलेजच्या दोन खोल्या गच्च भरल्या, असा माणूसही अख्ख्या जिल्ह्यात एकच होता. हे दोघेही माझे साडू. म्हणजे साडू एकच, माणसं दोन. दुसऱ्यातून पहिला कसा निघाला ते मी जवळून पाहिलं आहे.

माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती त्यांना दिलेली. जालन्याच्या एका कॉलेजात ते इतिहास शिकवायचे, त्यामुळे गल्लीत, मंडईत आणि सासुरवाडीतही त्यांचं नाव सर. मीही त्यांना सरच म्हणायचो. औरंगाबादपासून तुटून जालना स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा लोकांना कचेऱ्या जवळ आल्याचा आनंद झाला. सरांना मात्र वेगळीच काळजी लागली. "जिल्हा झाला, कलेक्टर आला, एस.पी. आला. बराबर. पण म्युझियम कुठंय?" असं ते भेटेल त्याला विचारायचे. भेटेल त्याच्या खिशात म्युझियम नसल्यामुळे शेवटी ते त्यांनी स्वतःच काढायचं ठरवलं. कॉलेजच्या मागच्या बाजूला, जिथं फुटके बाक आणि व्हॉलीबॉलच्या फाटक्या जाळ्या ठेवायचे, तिथल्या दोन खोल्या त्यांनी मागून घेतल्या आणि दर रविवारी स्कूटर काढून खेडी पालथी घालायला लागले.

स्कूटरवर पुढं, पाय ठेवायच्या जागी दगड आणि मागं मी, अशी आमची स्वारी असायची. दगड बसला की सरांना पाय ठेवायला जागा उरायची नाही, मग ते दोन्ही पाय बाहेर फाकवून, बगळा उतरताना दिसतो तसे, जालन्याकडे यायचे. वस्तू मिळवायची त्यांची रीत साधी होती. गावात जायचं, पारावर बसायचं आणि म्हशीच्या गोठ्याजवळ पडलेल्या एखाद्या वीरगळावर बोलायला लागायचं. हा वीर कोण असेल, कुणाच्या गायी सोडवताना पडला असेल, त्याच्या डोक्यावरचा चंद्रसूर्य काय सांगतो. ऐकणारे आधी मान डोलवायचे, मग एकमेकांकडे बघायचे, मग जनावरांच्या पाण्याची वेळ व्हायची, आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, "सर, तुमी हा दगडच घेऊन जा." सरांना वाटायचं, आपण गावात इतिहासाची गोडी निर्माण केली. मला वाटायचं, लोकांनी आपली सुटका करून घेतली.

एकदा स्कूटर बंद पडली म्हणून वाटूरच्या फाट्यावर आम्ही डोकं नसलेली एक मूर्ती घेऊन जीपची वाट बघत उभे होतो. जीप आली ती आधीच तुडुंब. ड्रायव्हर म्हणाला, "माणसं घेतो, दगड न्हाई." सरांनी त्याला शांतपणे सांगितलं की हा दगड त्याच्या पणजोबाच्या पणजोबापेक्षा वडीलधारा आहे. हे ऐकून आतले एक म्हातारबा उठले, मूर्तीला हात जोडले आणि आपली जागा तिला देऊन टपावर जाऊन बसले. सर जालन्यापर्यंत त्या माणसाबद्दल भरल्या गळ्यानं बोलत होते. म्हातारबा वर वारा खात होते.

त्या सगळ्या संग्रहातली सरांची सर्वात लाडकी वस्तू म्हणजे घनसावंगीकडच्या, गोदावरीकाठच्या एका गावातून आणलेली स्त्रीमूर्ती. बसलेली बाई, मांडीवर लेकरू. सरांच्या मते ती यादवांच्या काळातली होती आणि तिच्या अंगावरच्या दागिन्यांचं काम आसपास कुठं सापडायचं नाही. गावच्या पाटलांनी पारावर चार लोकांसमक्ष ती दिली आणि वर चहाही पाजला. म्युझियममध्ये आल्यावर सरांनी तिच्यावरची तेलाची पुटं महिनाभर घासून काढली आणि खाली पाटी लावली: 'मातृदेवता. हात लावू नये.'

आता गंमत अशी की त्या गावच्या बायका तिला मातृदेवता वगैरे काही म्हणत नसत. त्या तिला नुसतं 'बाळंतीण' म्हणायच्या. सव्वा महिना झाला की बाईनं लेकरू घेऊन जायचं आणि बाळंतिणीला तेल घालायचं, ही तिथली रीत. बाळंतीण जालन्याला गेली म्हणून काही गावात पोरं व्हायची थांबली नव्हती. त्यामुळे दर थोड्या दिवसांनी सोनाबाई नावाच्या एक बाई, घरची किंवा शेजारची सून, तिच्या कडेवर लेकरू आणि हातात तेलाची वाटी असा जथा एस.टी.नं कॉलेजात उतरायचा. सोनाबाई साठीच्या होत्या, शेतकरी घरातल्या, आवाजानं खणखणीत. पाटीमुळे सर त्यांना मूर्तीला हात लावू द्यायचे नाहीत. "मावशी, दुरून नमस्कार करा. तेलानं दगड खराब होतो," असं ते अगदी मायेनं सांगायचे. सोनाबाईही तेवढ्याच मायेनं म्हणायच्या, "खराब झालेला आजवर दिसला न्हाई सर." शेवटी तोड निघाली ती अशी की तेल खोलीच्या उंबऱ्यावर घालायचं. काही वर्षांत तो उंबरा असा चकचकीत झाला की एकदा प्राचार्य म्युझियम बघायला म्हणून आले आणि बघायच्या आधीच आडवे झाले. परीक्षेच्या दिवसांत तर वर्गात पोरं पेपर लिहितायत आणि मागून तान्ह्याचं रडणं ऐकू येतंय, असा प्रकार. नवीन आलेल्या एका प्राध्यापकांची बरेच दिवस अशी समजूत होती की कॉलेजला लागूनच प्रसूतिगृह आहे.

हे असंच चाललं असतं. पण पुढं बढतीसाठी पीएच.डी. हवी असं झालं, आणि उतारवयाला लागलेले सर पुन्हा विद्यार्थी झाले. विषय घेतला परदेशी म्युझियममध्ये गेलेल्या वस्तूंचा. त्या कशा गेल्या, त्यांच्यावर हक्क कुणाचा, परत करणं हे कर्तव्य की उपकार, असा. पहिलं वर्षभर सर नुसते पेटलेले होते. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं जिलबी आणली तरी ते गोऱ्या साहेबावर बोलत असायचे. "म्हणे राजानं खुशीनं दिलं. अरे, दारात तोफ उभी असताना माणूस काय नाखुशी दाखवील?" वाढपी बिचारा जिलबी घेऊन तसाच पुढं सरकायचा.

दुसऱ्या वर्षी त्यांचा आवाज कमी झाला आणि घरातल्या भांड्यांवर त्यांची नजर पडली. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात आणि लग्नकार्यात ती इकडची तिकडे होतात. अक्कांच्या मांडणीतही अर्ध्या जालन्याची नावं होती. सरांनी एका रविवारी सगळी भांडी अंगणात मांडली, नावांप्रमाणे वेगळी केली आणि पिशवीत घालून घरोघर पोचवायला निघाले. एका घरी मूळ मालकीणबाई वारलेल्या. त्यांच्या दोन सुनांत त्या पातेल्यावरून असं जुंपलं की सर पातेलं मध्ये ठेवून चप्पल न घालताच परत आले. पण खरा कहर पुढं होता. 'सप्रेम भेट' असं कोरलेलं लग्नातलं एक ताट त्यांनी भेट देणाऱ्या मामांनाच नेऊन दिलं. मामांनी वर्षभर बोलणं टाकलं.

अक्का म्हणाल्या, "अहो, आहेर होता तो. चोरी न्हवती."

"दिला खरा," सर म्हणाले, "पण खुशीनं दिला का लाजेकाजेस्तव, हे तपासायला नको?"

"मंग मला बी परत पोचवा माह्येरी. मला तरी कुठं कुणी इचारलं होतं?"

अक्का हे हसत म्हणाल्या होत्या. सर हसले नाहीत. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला. मी समोर होतो म्हणून सांगतो, त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा आपल्या कॉलेजातल्या दोन खोल्या दिसल्या.

मग सुरू झाली परतफेड. ज्या वाटेनं दगड आणले त्याच वाटेनं आम्ही ते न्यायला लागलो. पण घ्यायला कुणी तयार नव्हतं. वडीगोद्रीच्या पुढं एका गावात वीरगळाच्या जुन्या जागेवर पंक्चरचं दुकान झालेलं. सरपंच म्हणाले, "सर, तुमच्याकडं निवांत हाय त्यो. इथं आणून काय करता?" सरांनी त्यांना वारसा, समाजाचा हक्क, नैतिक जबाबदारी हे सगळं समजावून सांगितलं. सरपंचांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बिलकुल बराबर हाय तुमचं. आता आलाच हाय तर शाळंमागं आनखी एक पडलाय, त्यो बी घेऊन जा." एक दगड परत करायला गेलेले आम्ही दोन घेऊन आलो. असं दोनतीनदा झालं. परतफेडीच्या त्या वर्षात म्युझियम जेवढं वाढलं तेवढं आधी कधीच वाढलं नव्हतं.

तेवढ्यात सोनाबाई नातसुनेला घेऊन आल्या. मीही होतो तिथं. सरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "मावशी, ही मूर्ती आणली तेव्हा गावाला विचारलं होतं ना मी?"

"इचारलं की," सोनाबाई म्हणाल्या, "पारावरच्या गड्यांला. ते कवा बाळंत झाल्ते?"

सोनाबाईंनी पदराआडून वाटी काढली आणि सवयीनं उंबऱ्याकडे वळल्या, तेव्हा सर उठले आणि म्हणाले, "तिथं नको. आत या." म्युझियम निघाल्यापासून पहिल्यांदा त्या मूर्तीवर तेल पडलं. सोनाबाईंनी ते बोटांनी दगडी लेकराच्या डोक्यापर्यंत नेलं. सर खिडकीबाहेर व्हॉलीबॉलचं रिकामं मैदान बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना सांगितलं की ही मूर्ती गावाला द्यायची आहे. उंबऱ्यावरून घसरलेले प्राचार्यच आता ती सोडायला तयार होईनात. कॉलेजची पाहणी करायला बाहेरून समिती यायची होती, आणि दाखवण्यासारखं कॉलेजात तेवढं एकच होतं. "समिती जाऊ द्या, मग बघू. आणि सर, तुमच्या बढतीचे कागद माझ्या टेबलावर आहेत," असं ते म्हणाले. धमकी म्हणून नव्हे, काळजीनंच. विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनीही समजावलं की प्रबंधातलं परत करण्यावरचं शेवटचं प्रकरण प्रबंधातच राहू द्या. सरांनी घरी येऊन अक्कांना विचारलं. अक्का म्हणाल्या, "बढती न्हाई मिळाली तर खर्चा भागंल का आपला? भागंल. मंग मला काय इचारता?"

सरांनी लपवाछपवी केली नाही. भरदुपारी, सगळ्यांच्या देखत, शिपायाच्या आणि माझ्या मदतीनं मूर्ती उचलली आणि प्राचार्यांच्या खोलीत डोकावून "नेतोय" म्हणून सांगून आले. घनसावंगीच्या जीपमध्ये मूर्ती सीटवर माझ्या अंगाला टेकवलेली, पलीकडे निरोप धाडून बोलावलेल्या सोनाबाई. ऊन लागू नये म्हणून त्यांनी मूर्तीवर आपलं एक जुनं लुगडं पांघरलेलं. ड्रायव्हरनं विचारलं, "काय हाय?" सोनाबाई म्हणाल्या, "बाळंतीण हाय. हळू चालव." त्यानं मागं वळून न बघता खरंच हळू चालवली, आणि पुढं बसलेल्या माणसानं विडी विझवली.

गावात पोचलो तर बायका आधीच जमलेल्या. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवरचा ओटा सारवून तयार होता. पाटलांसकट सगळे गडी लांब उभे. सरांनी खिशात भाषणाचे कागद आणले होते. सोनाबाई म्हणाल्या, "सर, जल्दी काय हाय. आधी चहा घ्या, भाषण मंग." तो मंग काही आलाच नाही. बायकांनी कढत पाण्यानं मूर्तीला न्हाऊ घातलं, तेल चोळलं, धुरी दिली. शेवटचं एकदा माप घ्यावं म्हणून सर टेप काढून पुढं झाले, तर एक पोरसवदा सून म्हणाली, "हात नका लावू सर, आत्ताच न्हाऊ घातलंय." सरांनी टेप खिशात ठेवली. आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे ते दोन पावलं मागं सरले.

बढती गेली. कारणे दाखवा म्हणून नोटीस आली, तिला सरांनी एवढं लांबलचक उत्तर दिलं की ते कुणी वाचलं नसावं. प्रकरण तिथंच मिटलं. पाहणीची समिती आली ती प्राचार्यांच्या खोलीत चहा आणि काजू घेऊन निघून गेली. म्युझियमकडे फिरकलीही नाही. पीएच.डी. मिळाली तेव्हा सर निवृत्त झाले होते.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, सोनाबाई गेल्या असं कळलं म्हणून आम्ही दोघं त्या गावाला गेलो होतो. सरांचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. घरच्यांना भेटून आम्ही नदीच्या वाटेनं उतरलो. ओट्यावर आता पत्र्याची शेड होती, भोवती न्हाणीघरात लावतात तसल्या निळ्या फरशा. आणि बाळंतीण शेंदरानं अशी लिंपलेली की नुसता एक केशरी उंचवटा उरला होता. वर बाजारातून आणलेले चांदीचे डोळे. दागिने नाहीत, बोटं नाहीत, मांडीवरचं लेकरू तर कुठं संपतं तेही कळेना. ज्या कोरीवकामावर सरांनी एक अख्खा लेख लिहिला होता, त्यातली एक रेघ दिसत नव्हती.

मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. तेवढ्यात एक तरुण बाई लेकरू घेऊन आली. तिला तेल घालायचं होतं आणि हात मोकळा नव्हता. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि "बाबा, धरता का जरा?" म्हणत लेकरू सरांच्या हातात दिलं. सर ते दोन्ही हातांवर, अंगापासून लांब धरून, श्वास रोखून उभे राहिले. बाईचं तेल घालून झालं, नमस्कार झाला, तिनं लेकरू घेतलं आणि ती निघून गेली.

येताना जीपमध्ये ते खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंना ऊस होता. अंबड यायला आलं तेव्हा म्हणाले, "उजव्या हातात तिच्या एक कंकण होतं. इतकं बारीक, की दुपारचं ऊन तिरपं आलं तरच दिसायचं. तुम्ही पाह्यलं होतं ना?"

"पाहिलं होतं," मी म्हणालो.

मला खरं तर आठवत नव्हतं. पण त्यांनी मान हलवली आणि मग जालना येईपर्यंत आपला डावा हात उजव्या मनगटाभोवती धरून ते बाहेर बघत राहिले.