कडी लावून खाल्लेले रोट

मुंबईची एसटी धुळ्याच्या स्टँडला लागली, तरी आईचा हात माझ्या पिशवीतच होता. सत्त्याऐंशीचा श्रावण. आदल्याच दिवशी आम्ही कानबाईला वाजतगाजत पांझरा नदीत बोळवलं होतं. आबा, माझे वडील, खिडकीखाली उभे राहून एका बिडीवर दुसरी पेटवत होते. आई पिशवीचं तोंड आवळत म्हणाली, "खाले रोट शेतस. तूच खाजो. कोणले देजो नको. परकाना पोटमा गया ते घरमाथून माणूस जास."

रोट परक्याच्या पोटात गेले तर घरातलं माणूस जातं, हे ऐकून मी मान हलवली. लग्न न करता मस्कतला नर्स म्हणून निघालेली मुलगी होते मी. गल्लीभर बोलणं झालं होतं, त्यामुळे मान हलवण्यापलीकडे काही बोलायची सोय उरली नव्हती.

भाऊकीतल्या तुम्हा सगळ्यांना हे ठाऊक आहे, पण तुमची पोरं सुरत-पुण्याला वाढली, त्यांच्यासाठी लिहिते. कानबाई आपल्या खानदेशाची. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून ती घरात बसते. तिच्यासाठी गव्हाच्या पिठाचे जाडजूड रोट करायचे. गहू मापानं घ्यायचा नाही, घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ सुपात टाकायची. रोट खायचे फक्त कुळातल्यांनी. लेकीचं लग्न झालं की तिचं कूळ बदलतं आणि माहेरचे रोट बंद होतात. माझं लग्न झालं नाही म्हणून मला रोट होते. माझ्या नावाची मूठ मात्र कधीच नव्हती. मी खायला होते, मोजायला नव्हते.

मस्कतच्या हॉस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत अन्नम्मा होती, केरळातल्या कोट्टायमकडची, माझ्याहून वयानं मोठी. पहिल्या दिवशी तिनं न विचारता माझी गादी घातली, चहा केला. आणि मी? ती ड्युटीवर गेली की दाराला आतून कडी लावून रोट खायचे. एकदा ती लवकर परतली. मी घाईनं रोटांचं फडकं गादीखाली सारून कडी काढली. खोलीभर तुपाचा वास होता. तिनं फक्त खिडकी उघडली.

पुढच्या वर्षी, येशूच्या शेवटच्या जेवणाचा तो गुरुवार आला. अन्नम्मानं तांदूळ आणि उडीद वाटून, आंबवू न देता, एक अप्पम उकडलं. वर झावळीच्या पातीचा क्रूस ठेवला. मोडक्या हिंदीत ती सांगत होती, की ही चाल मूळ यहुद्यांची. त्यांना एकाएकी घर सोडून पळावं लागलं, पीठ फुगायची वाट बघायलाही वेळ नव्हता, म्हणून बिनफुगल्या भाकरीचा सण. तिच्या घरी ते अप्पम वडील मोडतात आणि घरातल्यांनाच देतात. खाली सांडलेला कणसुद्धा झाडून टाकत नाहीत.

मी उठून बाहेर जायला निघाले. मला वाटलं, तिला कडी लावायची असेल.

"किधर जाता तुम? बैठो." तिनं तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "हमारा घर में ये बाहर का आदमी को नहीं देता. पर इधर बाहर का कौन है?"

तो तुकडा मला गिळवेना. चव चांगली होती. गिळवत नव्हती ती माझी कडी.

त्या श्रावणात मी ड्युटी बदलून घेतली. मल्याळी दुकानातून नारळ आणला, त्याला माझं कानातलं अडकवलं आणि हॉस्टेलच्या शेगडीवर रोट केले. पहिला रोट अन्नम्माला दिला. दार सताड उघडं होतं.

हिवाळ्यात वॉर्डात माझ्या भावाचा, नानाचा फोन आला, आबा गेले. मी पोहोचले तेव्हा राख थंड झाली होती. त्यांच्या छातीचा एक्स-रे फोटो मी खिडकीच्या उजेडात धरला. नर्सच्या डोळ्यांना सगळं दिसलं, तरी आईचं स्टँडवरचं वाक्य काही केल्या कानातून जाईना. पुढे सुट्टीवर आले की दर वर्षी आई सहज विचारी, "कोणले दिधं नाही ना?" आणि मी 'नाही' म्हणे. प्रत्येक वेळी आबांना मीच पुन्हा स्मशानात पोहोचवून आल्यासारखं वाटे.

अठ्ठ्याण्णव साली मात्र हे खोटं बोलायची थांबले. कानबाईच्या आदल्या दिवशी आई सुपात मुठी टाकत होती. नानाची झाली, त्याच्या मुलांच्या झाल्या. आबांची मूठ आता घेत नव्हते. आईनं नेहमीचं विचारलं आणि मी म्हणाले, "दिधं. दर वरीस देस."

नाना ताडकन उठला. "म्हनीसन आबा गयात! तुन्हामुळे!"

"आबा बिडीवर गयात, नाना. त्यास्ना छातीना फोटो मी दखेल शे. तुन्हा खिशामा बी तोच बिडीना कट्टा शे."

नानाचा हात खिशावर गेला. मग "भाऊबंदेस्ले सांग आते तूच," असं पुटपुटत तो ओट्यावर जाऊन बसला. मी पुढे सरकले आणि गव्हात हात घातला. पहिली मूठ माझ्या नावाची घेतली, मोठ्यानं नाव घेऊन. दुसरी अन्नम्माची. दाणे बोटांतून गळत होते. आईनं गळलेले दाणे वेचले. मग सूप माझ्याकडे ढकललं.

"मूठ ढिली शे तुन्ही," ती म्हणाली. "नीट भर."

तिनं मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. माफी मागितलीच नव्हती, आजही मागत नाही. कानबाई कोपली असेल तर तिनं मला येऊन सांगावं. मी नारळाला नथीऐवजी कानातलं घालून तिला परमुलखात बसवलंय, पत्ता तिला ठाऊक आहे.

आई गेली. अन्नम्मा निवृत्त होऊन गावी परतली. मी अजून इथे मस्कतलाच आहे. तिकडे राहिलेल्यांनी मला कुळाबाहेर धरायचं तर खुशाल धरा. पण तुमच्यातलं कुणी, किंवा तुमच्यासारखंच घर सोडून आलेलं कुणीही, श्रावणात या बाजूला आलं तर विचारत बसू नका. माझ्या दाराला कडी आहे, चांगली पितळी आहे. रोट केले की मी ती लावत नाही.