वहाब मिस्त्रीच्या गाडीचा एक्स-रे

जानेफळच्या स्टँडमागे वहाब मिस्त्रीचं गॅरेज आहे. गाडी दारात येऊन उभी राहायच्या आधीच तिचं दुखणं सांगणारा माणूस, अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग हकिमाच्या थाटात निकाल द्यायचा. गाडीला लॅपटॉप जोडून बिघाड शोधणाऱ्या शहरातल्या पोरांची त्याला कीव यायची. "ज्याले कान नाही, त्याले मशीन लागते," असं तो म्हणायचा.

साठी जवळ आली तेव्हा त्याच्या स्वतःच्या शरीरात बिघाड निघाला. साखर तीनशेच्या वर गेली. त्या दिवसापासून बायकोनं, खुर्शीदानं, घरातल्या गोडाचा ताबा घेतला. ईदच्या शिरखुर्म्यातसुद्धा त्याच्या वाटीला दूध आणि उपदेशच जास्त. वहाबनं तोंडावर सगळं मान्य केलं आणि आपल्या जुन्या व्हॅनच्या मागच्या बाजूचा आतला पत्रा खोलून तिथं एक डबा बसवला. चार स्क्रू काढल्याशिवाय तिथं कुणाचा हात पोचत नव्हता, आणि खुर्शीदाला स्क्रू काढता येत नव्हते.

निवडणुकीचे दिवस होते. चिखलीला दिलेल्या लेकीला, नाजिशला, भेटायला नवराबायको व्हॅननं निघाले, तर रस्त्यात नवाच नाका. पैसा, दारू, गांजा पकडण्यासाठी तिथं यावेळी एक्स-रेचा ट्रक आणलेला. त्या ट्रकला वाकडा लोखंडी हात होता. गाडी हाताखाली उभी करायची, माणसांनी उतरून पिवळ्या दोरीपलीकडे जायचं, आणि ट्रक गाडीशेजारून हळूहळू सरकला की गाडीच्या पोटातलं सगळं चित्र लांबच्या केबिनमधल्या पडद्यावर उमटायचं.

"इंजिनाच्या आतलंबी दिसते का?" वहाबनं हवालदार भागवतला विचारलं. भागवत त्याच्या ओळखीचा. त्याची मोटरसायकल वहाबच्याच हातची.

"सगळंच दिसते, वहाबभाई. काई लपत नाही."

हे ऐकून वहाब व्हॅनकडे वळला. पण तोवर ट्रक व्हॅनवरून फिरून गेला होता.

केबिनमध्ये प्रतीक्षा नावाची पुण्याची मुलगी पडद्यासमोर बसली होती. तिनं साहेबांना हाक मारली. "सर, लोखंड निळं दिसतं. हे बघा, पत्र्याच्या आत नारिंगी आहे. म्हणजे धातू नाही, ऑरगॅनिक काहीतरी. आणि आकार बघा, गोल गोल वेटोळी."

साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं. वेटोळ्यावर वेटोळं, नीट रचून ठेवलेलं. ते केबिनच्या दारात आले. "ही व्हॅन कोणाची?"

"माही," वहाब म्हणाला.

"मागच्या पत्र्यात काय आहे?"

वहाबनं बाजूला पाहिलं. खुर्शीदा डोक्यावरची ओढणी सारखी करत उभी होती.

"काई नाही, साहेब."

"काही नाही कसं? चित्रात दिसतंय."

"मंग असंन काई."

"गांजा आहे का?"

वहाबनं क्षणभर विचार केला. गांजा म्हटलं तर तुरुंग, खरं सांगितलं तर घर. "तुमी म्हनता तर असू शकते, साहेब," तो हळूच म्हणाला.

भागवतनं कपाळावर हात मारला. "वहाबभाई, काऊन असं बोलून राह्यले? मी वळखतो तुमाले!"

वहाबनं त्याला कोपऱ्यात ओढलं. "भागवत, मले पकड, ठाण्यात ने, पंचनामा कर. फक्त तिच्यासमोर पत्रा खोलू नको बावा."

तोवर मागे वाहनांची रांग लागली आणि रांगेतले लोक उतरून दोरीपाशी गोळा झाले. शेवटी खुर्शीदाच पुढे आली. "साहेब, खोला. चाळीस वर्सं संसार केला या मानसासंग. मलेबी पाहू द्या काय धंदा करते."

स्क्रू काढायला पेचकस वहाबच्याच पेटीतला, आणि काढायला वहाबच. चौथा स्क्रू त्यानं इतक्या सावकाश काढला की साहेबांनी घड्याळ पाहिलं. डब्याचं झाकण उघडलं, आणि खव्याचा वास दोरीपलीकडे पोचला. मावा जिलेबी होती.

मग प्रतीक्षा म्हणाली, "सर, ऑरगॅनिक म्हटलं होतं ना मी."

रांगेत हशा पिकला. खुर्शीदा हसली नाही. तिनं डब्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "अजी, नाजिशचे अब्बा, किती दिवसापासून?"

"रमजानपासून."

"कोनत्या रमजानपासून?"

वहाबनं काढलेले चार स्क्रू उचलून खिशात टाकले. साहेबांनी जिलेबी जप्त करण्याचा नियम नसल्याचं सांगितलं, तेव्हा खुर्शीदानंच ती जप्त केली आणि नाक्यावरच्या सगळ्या पोलिसांना वाटून टाकली. वहाब बघत राहिला.

पण केबिनच्या उघड्या दारातून पडदा दिसला आणि तो अपमान विसरून आत शिरला. आपलीच व्हॅन होती ती, पण काचेची केल्यासारखी. गिअरबॉक्स, टाकीतलं पेट्रोल, त्यानंच मारलेला एकेक बोल्ट. "बाई, थोडं मोठं करा ना," तो म्हणाला. प्रतीक्षानं चित्र मोठं केलं. तो पडद्याला नाक लावून उभा राहिला, जसा काही चंद्र बघत होता.

तेवढ्यात पुढची गाडी आली: उंद्रीच्या नारायणरावांची जीप. चित्र उमटलं आणि प्रतीक्षा पुन्हा थांबली. मागच्या दाराच्या पत्र्याआत एक लांबट निळी वस्तू पडलेली होती. "हे हत्यार वाटतंय."

वहाबनं पाहिलं आणि लगेच ओळखलं. चौदा नंबरचा पाना. एक टोक घासून बारीक केलेलं, ते त्याच्याच हाताचं काम.

आठ वर्षांपूर्वी हा पाना गॅरेजातून गायब झाला होता. त्यावेळी मेव्हणा तौसिफ त्याच्याकडे कामाला होता. वहाबनं चार लोकांत त्याला चोर म्हटलं, आणि तौसिफ त्याच दिवशी गॅरेज सोडून बिबीला निघून गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"वहाबभाई," दारात काहीतरी आहे हे ऐकून बाहेरून नारायणराव ओरडले, "या दाराचा खडखडाट मी आठ वर्सांपासून सांगून राह्यलो! तुमी दरवेळी म्हनता शॉकअप गेला. तीन येळा बदलला शॉकअप!"

दार खोलून पाना काढला तेव्हा खुर्शीदा शेजारीच होती. भावाचं नाव तिनं काढलं नाही. नुसती म्हणाली, "नाजिशकडं उद्या जाऊ."

व्हॅन तिथूनच वळवली. बिबीला तौसिफ दुकानापुढच्या ओट्यावर ट्यूबचं पंक्चर काढत होता. वहाब उतरला, वाटेत जुळवलेलं बोलणं सगळं विसरला, आणि पाना समोर धरून म्हणाला, "नारायणरावच्या जीपमधी होता. म्याच विसरलो होतो. माफ कर भाऊ."

तौसिफनं पाना हातात घेतला, उलटासुलटा केला. त्याचे डोळे भरून आले. बहिणीकडे पाहून तो आत चहा सांगायला गेला, आणि उंबऱ्यात थबकला.

"भाईजान, पाना म्या नव्हता घेतला."

"हाव, समजलं ना आता."

"पन जॅक म्याच नेला होता. रागात."

"कोनता जॅक?"

तौसिफनं ओट्याकडं बोट दाखवलं. मोडक्या पायाच्या कपाटाखाली जॅक टेकू म्हणून उभा होता. वहाबच्या गॅरेजातून जॅक गेल्याचं आठ वर्षांत वहाबच्या लक्षातच आलं नव्हतं. खुर्शीदा त्या दिवसात पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिला तिथंच ओट्यावर बसावं लागलं.

जॅक अजून बिबीतच आहे. काढला तर कपाट पडेल, असं तौसिफ सांगतो. वहाब दर पंधरा दिवसांनी कपाटाचा पाय जोडून द्यायला म्हणून जातो, जेवतो, गप्पा मारतो, आणि पाय तसाच ठेवून परत येतो.